तळ्याच्या अलीकडे, तळ्याच्या पलीकडे

गणेशोत्सवातील अखेरच्या रात्रीचा कार्यक्रम आटोपतो, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि रेंगाळलेल्या मंडळींच्या हाती कॉफीचे पेले आले की आपल्या मंडळात दोन विषयांना हमखास तोंड फुटते. एक मुलामुलींच्या विवाहाचा आणि दुसरा जागांच्या भावांचा. पहिल्या विषयात भगिनीवर्गाचा अधिकार मोठा. दुसऱ्यात मात्र सारेच अधिकारी. ‘संजयनगरात हल्ली काय चालले आहे हो?’ असे एकाने विचारावे, दुसऱ्याने आकडा सांगावा, तिसऱ्याने ‘त्यापेक्षा तळ्यापलीकडे सहकारनगरात का पाहत नाही?’ म्हणून सुचवावे, आणि चौथ्याने सुस्कारा सोडावा, ‘पंचवीस वर्षांपूर्वी कोणी फुकट दिली असती तरी तिकडे जागा घेतली नसती!’ हा संवाद इतक्या वर्षांत इतक्यांदा कानी पडला की त्यामागचा इतिहास एकदा नीट पाहावा असे वाटू लागले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादकांनी लेखाची मागणी केली आणि ते निमित्त मिळाले.

प्रस्तुत लेखक हा ना दलाल, ना स्थापत्यविशारद. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेला आणि केंद्र सरकारच्या कचेरीत फायली चाळत आलेला एक माणूस. तेव्हा ‘आज कोठे घ्यावे’ याचा सल्ला या लेखात शोधू नये. आजचे दरही मी मुद्दामच देत नाही. स्मरणिका कपाटात पंचवीस वर्षे राहते. जागेचा दर पंचवीस दिवसही जागेवर राहत नाही.

प्रश्न एवढाच आहे. हेब्बाळचे तळे मध्ये धरले तर त्याच्या दक्षिणेस, म्हणजे शहराच्या बाजूस, संजयनगर, भूपसंद्र, आनंदनगर, गंगानगर या वसाहती येतात. उत्तरेस आणि पूर्वेस सहकारनगर, कोडिगेहळ्ळी, केंपापुरा. अंतर म्हणाल तर दोन-चार किलोमीटरांचे. माती तीच तांबडी, हवा तीच, पाऊसही एकाच ढगाचा. तरीसुद्धा या दोन काठांवरील भाव कधी सारखे नव्हते. अलीकडचा काठ सदैव महाग, पलीकडचा स्वस्त; आणि गेल्या दीड-दोन दशकांत पलीकडच्याने अलीकडच्याला गाठण्याची जणू शर्यत लावलेली. एकाच तळ्याचे दोन काठ असे वेगळे का मोलावले जावेत?

हेब्बाळ हे काही काल वसलेले उपनगर नव्हे. २०१८ साली येथे एक वीरगळ उजेडात आला. त्यावरील कन्नड लेखाचा काळ अभ्यासक इ. स. ७५० च्या सुमाराचा ठरवितात. गंगराजा श्रीपुरुषाच्या अमदानीतील तो लेख असून ‘पेर्बोळल नाडू’ या तीस गावांच्या विभागावर राष्ट्रकूटांकडील स्वारी आली असता किट्टय्या नावाचा वीर लढता लढता पडला, असा त्यातला वृत्तान्त आहे. या ‘पेर्बोळल’चेच पुढे हेब्बाळ झाले. आपल्याला वेरूळचे कैलास लेणे खोदविणारे राष्ट्रकूट जवळचे वाटतात. हेब्बाळचा नावानिशी ठाऊक असलेला हा पहिला रहिवासी मात्र त्यांच्याच सैन्याशी झुंजून मेला, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी किंचित संकोचाने लक्षात ठेवावी. त्या काळी या भूमीचा भाव रुपयांत नव्हता, रक्तात होता.

रुपयांतला भाव येतो तो १६८७ साली, आणि तोही आपल्याच घराण्याच्या संबंधाने. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजांनी बंगळूर घेतले, आणि पुढे ते त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांच्यामागे ते व्यंकोजीराजांकडे आले. येथल्या काडू मल्लेश्वराच्या देवळासाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव व्यंकोजींनी दान दिल्याचा १६६९ चा लेख आजही तेथे आहे. हे गाव सध्याच्या विज्ञानसंस्थेच्या परिसरात, म्हणजे हेब्बाळपासून फार लांब नसलेल्या ठिकाणी होते असे सांगतात. परंतु व्यंकोजी तंजावरास स्थिर झाले आणि इतक्या दुरून बंगळूर सांभाळणे त्यांना जड होऊ लागले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाख रुपयांना सौदा ठरला. तो पुरा होण्यापूर्वीच, १६८७ च्या जुलैत, मोगल सरदार कासीमखानाने शहर बळकावले, आणि त्याच तीन लाखांना वोडेयरांच्या हवाली केले. ही विक्री म्हणावी की भाडेपट्टा, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; किमतीविषयी फारसे नाहीत.

तीन लाख रुपये! कर्नाटकात ४५ लाखांवरील खरेदीखतास पाच टक्के मुद्रांक शुल्क पडते. म्हणजे साठ लाखांची सदनिका घेणारा सरकारात नुसत्या शुल्कापोटी तीन लाख भरतो. तेव्हा आख्खे बंगळूर ज्या आकड्याला गेले, तो आकडा आज हेब्बाळच्या एका मध्यमशा सदनिकेच्या दस्तावर खर्ची पडतो. अर्थात तेव्हाचा रुपया निराळा आणि आजचा निराळा, ही तुलना शास्त्रशुद्ध नव्हे, हे मीही जाणतो. पण दूर राहणाऱ्या मालकाला जागा सांभाळणे जड होते आणि तो ती मिळेल त्या किमतीस काढू पाहतो, हे व्यंकोजींचे दुखणे कोकणात वा देशावर वडिलोपार्जित घर असलेल्या आपल्यापैकी अनेकांना नवे वाटू नये.

त्या काळच्या शहराची उत्तर सीमा कोठे होती? मेख्री सर्कलपाशी केंपेगौडांच्या चार प्रसिद्ध बुरुजांपैकी एक उभा आहे. शहर वाढून वाढून येथवर येईल, अशी ती खूण, अशी परंपरागत समजूत. हेब्बाळ या बुरुजाच्याही पलीकडे. म्हणजे आरंभापासूनच ते ‘बाहेरचे’. पुढे तीनशे वर्षे ही आत-बाहेरची रेघ उत्तरेकडे सरकत राहिली, आणि भावांचा सारा इतिहास त्या रेघेचाच इतिहास आहे असे माझे मत बनले आहे.

हेब्बाळला आधुनिक काळात पहिले महत्त्व आले ते शेतीमुळे. १८९९ साली म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी शेतीविषयक प्रयोगांसाठी येथे तीस एकर जमीन दिली. तेथे कृषिशाळा आली, १९४६ मध्ये कृषिमहाविद्यालय, १९५८ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि १९६४ मध्ये कृषिविद्यापीठ. पुढे विद्यापीठाचे हजाराहून अधिक एकरांचे आवार बल्लारी रस्त्यावर तळ्याच्या उत्तरेस पसरले. शिवाय जक्कूरचा विमानतळ आणि यलहंक्याचे हवाईदलाचे ठाणे. या साऱ्या जमिनी सरकारी; त्या बाजारात कधी आल्याच नाहीत. शहराच्या या अंगाला मोकळी हवा आणि झाडी राहिली ती यामुळेच, आणि उरलेल्या थोड्या जमिनीची टंचाईही यामुळेच. सकाळी फिरायला जाताना विद्यापीठाच्या झाडीकडे आपण कौतुकाने पाहतो. घराच्या दरात त्या झाडीचाही वाटा असतो, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

आता घरांकडे वळू. मुंबई-पुण्याच्या माणसाला बंगळुरात आल्यावर पहिला नवा शब्द कळतो तो ‘साइट’. आपल्याकडे चाळीतली खोली, पागडी, मग ओनरशिपचा ब्लॉक, हा क्रम. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईचा मध्यमवर्ग भाड्याच्या खोलीलाच घर मानून राहिला. येथे मात्र तीस बाय चाळीसची साइट घ्यायची, तीवर आयुष्यभर हप्त्याहप्त्याने घर चढवायचे, ही रीत. बाराशे चौरस फुटांचा हा तुकडा आपल्या एका गुंठ्याहून थोडासाच मोठा; पण निम्न मध्यमवर्गाची सारी स्वप्ने त्यात मावत. आणि ज्याला तेही जमत नसे तो ‘लीज’वर राही : घरमालकास ठोक रक्कम द्यायची, भाडे द्यायचे नाही, दोन-तीन वर्षांनी रक्कम परत घेऊन बाहेर पडायचे. आपल्यापैकी कितीतरी संसार या लीजच्या घरांत सुरू झाले.

साइटी पाडण्याचे काम १९४५ पासून नगरसुधार मंडळाकडे होते आणि १९७६ मध्ये ते बंगळूर विकास प्राधिकरणाकडे आले. तळ्याच्या अलीकडच्या काठावर राजमहाल विलास विस्तार उभा राहिला तो या मंडळींच्या आखणीतून. रस्ते रुंद, उद्यानांसाठी जागा राखलेली, आणि मुख्य म्हणजे कागद स्वच्छ. त्यातल्याच एका भागाला ‘डॉलर्स कॉलनी’ हे नाव पडले. परदेशस्थांना परकीय चलनात साइटी दिल्यामुळे, असे म्हणतात. लगतची गेद्दलहळ्ळी, नागशेट्टीहळ्ळी ही खेडी या आखणीच्या कडेकडेने शहरात विरघळली आणि संजयनगर या नावाखाली एकत्र आली. १९७३ मध्ये बल्लारी रस्त्यावर बॅप्टिस्ट रुग्णालय सुरू झाले होते. शाळा, बाजार, शहराची बस, महापालिकेचा नळ, सारे हाताशी. अलीकडच्या काठाचा भाव चढा राहिला यात नवल नाही.

पलीकडच्या काठाची कहाणी त्याच्या नावांतच लिहिलेली आहे. कॉफी बोर्ड लेआउट, कॅनरा बँक लेआउट, टेलिकॉम लेआउट, आणि साऱ्यांच्या मधोमध सहकारनगर. पुण्यातही सहकारनगर आहेच. निरनिराळ्या कचेऱ्यांतील नोकरदारांनी गृहनिर्माण सहकारी संस्था काढाव्यात, शेतकऱ्यांची जमीन मिळवावी आणि सभासदांना साइटी वाटाव्यात, हा तो मार्ग. या मार्गाचे मूळही बंगळुरातच आहे. १९०९ साली येथे स्थापन झालेली बंगळूर बिल्डिंग सहकारी संस्था ही भारतातील पहिली गृहनिर्माण सहकारी संस्था मानली जाते. मुंबईत गावदेवीची सारस्वत संस्था रावबहादूर तालमकींच्या पुढाकाराने आली ती त्यानंतर, १९१५ मध्ये. आपण सहकाराचे माहेर महाराष्ट्र समजतो. घरांच्या बाबतीत तरी थोरलेपण बंगळूरकडे जाते.

परंतु १९८० च्या दशकात या संस्थांचे अमाप पीक आले, आणि पिकाबरोबर तणही. सरकारने सार्वजनिक कामाच्या नावाने शेतजमीन संपादन करावी, संस्थेने मधल्या माणसांना पैसे मोजावेत, सभासद नसलेल्यांनी सभासद व्हावे, असे प्रकार बोलले जाऊ लागले. १९८७ मध्ये जी. व्ही. के. राव यांच्या समितीने या संस्थांची चौकशी केली. अखेर १९९५ साली एच. एम. टी. कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थांमार्फत झालेले ते भूसंपादनच रद्द ठरविले. त्या निकालाचा धसका साऱ्या संस्थांनी घेतला. आमच्या परिचयाचे एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांना मंडळात सारेच काका म्हणत, यांनी अशाच एका संस्थेत भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम भरली होती. संपादन कोर्टात अडकले. संस्थेचे पत्र दरवर्षी दिवाळीच्या सुमारास यायचे, ‘आपला क्रमांक कायम आहे.’ रक्कम परत आली तेव्हा काका निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती, आणि तिच्यात साइट सोडाच, साइटीभोवतीचे कुंपणही झाले नसते. त्यांनी ती पत्रे तारीखवार फाईल करून ठेवली होती. मी ती फाईल पाहिली आहे. तिच्यात एकही कागद कमी नव्हता.

ज्यांना पलीकडे साइट मिळाली त्यांचाही मार्ग सोपा नव्हता. तो भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर. ब्याटरायनपुरा नगरपालिका वेगळी. ती बृहत् बंगळूर महानगरपालिकेत मिळाली ती २००७ मध्ये. तोवर रस्त्याचे, दिव्याचे, गटाराचे गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे हेच कळत नसे. कावेरीचे पाणी १९७४ मध्ये बंगळुरात आले, पण पलीकडच्या काठाने अनेक वर्षे कूपनलिका आणि टँकर यांवरच तहान भागविली. शंभर किलोमीटरांवरून चढवून आणलेले ते पाणी तळ्याच्या अलीकडे येऊन थबकल्यासारखे झाले होते. आणि कागदाचा घोळ निराळाच. जी शेतजमीन बिगरशेती न करताच तुकडे पाडून विकली गेली तिला येथे ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात, आणि तिच्या खात्याला ‘बी खाता’. अशा खात्यावर बँक कर्ज देताना दहा वेळा विचार करते. त्यामुळे एकाच रस्त्यावरील शेजारशेजारच्या दोन घरांचे भाव निरनिराळे असू शकत, हे येथे नव्याने आलेल्या माणसास खरे वाटत नसे. २०२५ च्या नोव्हेंबरपासून बी खात्याचे ए खात्यात रूपांतर करून देण्याची मोहीम राज्य सरकारने हाती घेतली, हे येथे नमूद करतो. तात्पर्य, माझ्या हिशेबाने दोन काठांच्या भावांतील फरकाचा मोठा हिस्सा कागदाचा आणि पाण्याचा होता. अंतराचा त्या मानाने थोडा.

मग रेघ सरकली. २००३ मध्ये हेब्बाळचा उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला आणि बाह्यवर्तुळ मार्ग व बल्लारी रस्ता यांची गाठ सुटली. सुटली असे तेव्हा वाटले, एवढेच म्हणतो. त्या पुलावर ज्यांनी नंतर तास-तासभर काढला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. त्या दिवसापर्यंत विमानाला जायचे म्हणजे पूर्वेकडे, एच. ए. एल.च्या जुन्या विमानतळावर. त्यानंतर साऱ्या शहराची वर्दळ हेब्बाळवरून उत्तरेस वाहू लागली. नागवाऱ्याजवळ संगणक कंपन्यांची प्रचंड संकुले उभी राहिली. हेब्बाळातही कचेऱ्यांचे एक संकुल आले आणि त्याला नाव मिळाले किर्लोस्करांचे. १९४६ मध्ये किर्लोस्करांनी बंगळुरात विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला, तेव्हा कामगारांबरोबर मराठी शाळेची आणि मराठी भजनांचीही सोय पाहावी लागली असेल. आजच्या संकुलात त्या नावाखाली काचेआड बसून काम करणाऱ्यांत मराठी किती, हे त्या काचेतून दिसत नाही.

जे गाव शहराच्या टोकास होते ते शहर आणि विमानतळ यांच्या मध्यावर आले. पलीकडच्या काठाचे ‘लांब’पण एका दिवसात ‘जवळ’ झाले. सहकारनगर, कोडिगेहळ्ळी, केंपापुरा येथील दर पायऱ्या न चढता धावत सुटले. तरी अलीकडचा काठ मागे पडलेला नाही. जुन्या साइटीचा दर आजही संजयनगर व राजमहाल विलास येथेच चढा. केंपापुऱ्यात तो त्याहून बराच कमी. बहुमजली सदनिकांत मात्र पलीकडच्या काही नव्या इमारती अलीकडच्यांच्या तोडीस तोड बोलतात. उत्तरेस उंच बांधण्याला विमानतळांच्या जवळिकीने मर्यादा पडतात, तळ्याकाठी बांधण्याला कायद्याने. हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तळ्यांभोवती पंचाहत्तर मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या तीन वर्षांत तळ्याकाठच्या मालकांच्या जिवाची जी घालमेल झाली, ती मी आमच्याच इमारतीच्या जिन्यात रोज पाहत होतो.

सरकारचाही एक भाव असतो. महाराष्ट्रात त्याला रेडी रेकनर म्हणतात, येथे मार्गदर्शी मूल्य. रस्त्यागणिक, वसाहतीगणिक त्याचे तक्ते असतात, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते राज्यभर वाढविले गेले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस नोंदणीशुल्कही एकावरून दोन टक्क्यांवर गेले. ज्याला दोन वसाहतींची तुलना मन शांत ठेवून करायची आहे त्याने कॉफीच्या पेल्यावरील आकडे सोडून हे तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असे मी सुचवीन. बाजारभाव त्याहून वर असतो हे खरे. पण दोन रस्त्यांमधले अंतर त्यात बऱ्यापैकी उमटते.

या साऱ्या इतिहासात आपल्या मंडळाचेही एक पान आहे, आणि सुवर्णमहोत्सवाच्या अंकात ते लपविणे बरे नव्हे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळाच्या वास्तुनिधीत थोडीबहुत रक्कम साठली होती. त्याच वेळी तळ्याच्या उत्तरेस एक कोपऱ्यावरची साइट, साठ बाय चाळीसची, विक्रीस निघाल्याचे एका सभासदाने कळविले. विशेष सभा बोलावली गेली. मी तेव्हा बदलून आलेला अगदी नवा सभासद. दोन तास चर्चा झाली. काका प्रकृती बरी नसतानाही आले होते. ते एवढेच म्हणाले, ‘कागद मी स्वतः तपासतो, पण जागा सोडू नका.’ बाकीच्यांनी विचारले, त्या माळावर रात्री नाटक पाहून बायकामुले परत कशी येणार? बस नाही, दिवे नाहीत, पाणी नाही. मतदान झाले. माझा हात ‘नको’च्या बाजूने वर गेला. काकांकडे पाहण्याचे मी टाळले.

त्या सभेचे इतिवृत्त हा लेख लिहिण्यापूर्वी मी पुन्हा काढून वाचले. ‘सदर जागा शहरापासून फार दूर असल्याने व तेथे पाण्याची शाश्वती नसल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.’ पुढील सभेच्या इतिवृत्तात तो विषय नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती साइट जेथे होती तेथे आज चार मजली इमारत आहे, तळमजल्यावर औषधांचे दुकान. आपला गणपती अद्याप भाड्याच्या मंगल कार्यालयात बसतो.

वास्तुनिधी यंदा पुन्हा उघडला आहे. समितीने यलहंक्याच्याही पुढे, देवनहळ्ळीच्या वाटेवर एक जागा पाहून ठेवली आहे. गेल्या महिन्याच्या सभेत तिच्यावर एकच आक्षेप निघाला, आणि तो कार्यवाहांनी वहीत नोंदवूनही घेतला : शहरापासून फार दूर.